भूकंपाची फिट

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा सुकन्या दहा वर्षांची होती. त्यांचं गाव किल्लारीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिचे वडील गुंडप्पा त्या रात्री शेतात, आखाड्यावरच्या खोपीत, मुक्कामाला होते, कारण उडीद काढून पडला होता आणि आभाळ भरून आलेलं होतं. बायको शिवकांता आणि ही एकुलती एक पोर त्यांच्याबरोबर होत्या. म्हणून ते तिघं वाचले. गावातल्या घरात झोपलेली आजी, काका, काकू आणि काकांची लेकरं दगडमातीच्या भिंतींखाली गेली.

मग गाव पत्र्याच्या शेडात राहायला गेलं. तिथं एका दुपारी खिचडीच्या रांगेत उभी असताना सुकन्याच्या हातातलं ताट खाली पडलं. तिची मान एका बाजूला वळली, डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले आणि ती जमिनीवर पडून झटके द्यायला लागली. ताटाच्या आवाजानं कुणीतरी म्हणालं, परत हललं. निम्मी रांग मैदानाकडं पळाली. शिवकांता तेवढी पोरीजवळ बसून राहिली, तिच्या डोक्याखाली हात घालून.

बाहेरगावाहून मदतीला आलेल्या डॉक्टरांनी तिला तपासलं. "धक्का बसलाय पोरीला," ते म्हणाले. "मनात भीती बसली की असं होतं."

ते सगळ्यांना पटलं. त्या शेडात कुणाचं बोलणं बंद झालं होतं, कुणी म्हातारा छपराखाली यायलाच तयार नव्हता, मोठमोठी माणसं अंथरुणात कपडे ओले करत होती. त्यात सुकन्याच्या फिटांचं वेगळं काय? लोक तिच्या दुखण्याला 'भूकंपाची फिट' म्हणायला लागले. तिलाही ते बरं वाटायचं. गावाला जे झालं त्याचाच आपल्याला हा वाटा आला, असं ती समजायची.

खरी गोष्ट एकट्या शिवकांताला ठाऊक होती. भूकंपाच्या कितीतरी आधी, सुकन्या चार-पाच वर्षांची असताना, ही पोर जेवताजेवता मधेच थांबायची. तोंडात घास तसाच, नजर एका कोपऱ्यात लागलेली, ओठ चुटुचुटु हलायचे. हाक मारली तरी ऐकू जायची नाही. थोड्या वेळानं परत चावायला लागायची. शिवकांतानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. सासू म्हणाली असती, तुझ्या माहेरचं काहीतरी आलंय. भूकंपानंतर सांगायची गरजच उरली नाही.

लातूरच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि फिटा हळूहळू कमी झाल्या. पण सुकन्याची भीती कमी झाली नाही. फिट यायच्या आधी तिला पोटातून काहीतरी वर सरकल्यासारखं वाटायचं. त्यामुळं भूक लागली तरी ती दचकायची, ट्रक गेला आणि खिडकी थरथरली तरी दचकायची. जमीन हलली का आपण हललो, हे तिला पहिल्या क्षणी कळायचं नाही. म्हणून ती आधी भिंतीला हात लावून बघायची. भिंत स्थिर असली की तिला जास्त भीती वाटायची.

मोठी होताना तिच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालांवर, तांबूस बारीक दाणे उठले. मुरूम म्हणून लिंबू लावलं, हळद लावली, मुलतानी माती लावली. मुरूम पिकतात आणि जातात. हे पिकायचे नाहीत आणि जायचेही नाहीत. पायाच्या बोटांच्या नखांकडेला मांसाचे छोटे कोंब यायचे, ते ती ब्लेडनं कापायची आणि ते पुन्हा यायचे. पाठीवर लहानपणापासूनच एक पांढरट डाग होता, झाडाच्या पानासारखा, एका टोकाला निमुळता. कोड म्हणतील, या भीतीनं शिवकांता तिचे पोलके मागून वर गळ्यापर्यंत शिवून घ्यायची.

लग्न जमवताना तिच्या गोळ्या बंद करण्यात आल्या. दोनेक वर्षं फिट आली नव्हती. "तुझं तू कधी तोंडातून काढायचं न्हाई," शिवकांतानं बजावलं. "बरं झालेलं दुखणं सांगायचं नसतं."

जळकोटजवळच्या एका गावात, वीरण्णाच्या घरी, सुकन्या सून होऊन गेली. वीरण्णा कमी बोलणारा, सोयाबीन आणि तूर पिकवणारा, दर सोमवारी गळ्यातलं इष्टलिंग हातावर घेऊन नीट पूजा करणारा माणूस. त्यानं तिला कधी वाकडं विचारलं नाही आणि तिनं कधी काही सांगितलं नाही. वर्षा-दीड वर्षानं कल्याणी झाली. पुन्हा दिवस राहिले ते टिकले नाहीत. फिट मात्र एकदाही आली नाही. निदान सुकन्याची तशी समजूत होती.

कल्याणी अभ्यासात हुशार निघाली. दहावीचा निकाल लागला आणि आसपासच्या गावांतल्या हुशार पोरांचं जे होतं तेच तिचं ठरलं: लातूर, अकरावी-बारावी आणि डॉक्टरकीसाठी नीटची परीक्षा. तोपर्यंत लातूरला क्लासेसचा असा पूर आलेला होता की ट्युशन एरियातल्या प्रत्येक खांबावर, प्रत्येक गच्चीवर पहिल्या आलेल्या पोरापोरींचे फोटो टांगलेले असायचे. पोरांबरोबर आयाही येऊन राहत. गावाकडं बाप शेती बघतोय आणि इकडं आई एका खोलीत पोरीला वेळेवर भाकरी करून घालतेय, अशी कितीतरी बिऱ्हाडं होती. सुकन्याही तशीच आली. उमाबाई नावाच्या एका विधवा बाईच्या घरात वरच्या मजल्यावर तिनं खोली घेतली. स्लॅबखाली झोपायची तिला सवय नव्हती. पलंग तिनं दाराजवळ ओढून घेतला.

बारावीचं वर्ष सुरू होतं. थंडीतल्या एका सकाळी कल्याणी क्लासला गेली होती आणि सुकन्या ज्वारीचं पीठ मळत बसली होती. एकाएकी उजव्या बरगडीखाली, मागच्या बाजूला, कुणी विळा खुपसावा अशी कळ आली. ती कशीबशी उठून न्हाणीत गेली. लघवी लाल झाली. बाहेर आल्यावर पायाखालची फरशी झुकल्यासारखी वाटली आणि तिनं सवयीनं भिंतीला हात लावला. भिंत स्थिर होती.

"काकू," तिनं जिन्यातून हाक मारली. तेवढंच जमलं.

उमाबाईनं शेजारच्या रिक्षावाल्याला बोलावून तिला दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी करणारा डॉक्टर बराच वेळ यंत्र पोटावर फिरवत राहिला. आधी उजवीकडं, मग डावीकडं, मग परत उजवीकडं. त्याचा चेहरा बघून सुकन्यानं डोळे मिटून घेतले. वीरण्णा जळकोटहून येऊन पोचला तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं.

"दोन्ही किडन्यांत गाठी आहेत. एक-दोन नाहीत, पुष्कळ आहेत. उजवीकडची एक फुटून आत रक्त गेलंय."

"कॅन्सर हाय का?"

"आत्ता नाही सांगता येणार. नांदेडला किडनीच्या एक डॉक्टर आहेत, तिकडं न्या. रक्त चढवून पाठवतो."

अँब्युलन्समध्ये सुकन्या आडवी पडून होती. गाडी खड्ड्यातून गेली की पोटात काहीतरी हलतंय असं तिला वाटायचं. आपल्या अंगात गाठी वाढत होत्या, रोज थोड्याथोड्या, आपण भाकरी थापत असताना, हसत असताना, आणि आपल्याला पत्ताही नव्हता. हे तिला सगळ्यात भयंकर वाटलं. तिनं स्वतःच्या पोटावरचा हात काढून घेतला.

नांदेडला मांडीच्या नसेतून बारीक नळी आत घालून गळणारी रक्तवाहिनी आतूनच बंद करण्यात आली. किडनी काढावी लागली नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर देविका बघायला आल्या. चाळिशीच्या, शांत बोलणाऱ्या बाई. त्यांनी पोटाकडं बघण्याआधी सुकन्याच्या चेहऱ्याकडं बघितलं. खुर्ची ओढून बसल्या आणि नाकाजवळच्या दाण्यांवरून बोट फिरवलं. मग चादर सरकवून पायाची बोटं बघितली.

"सुकन्याताई, लहानपणी कधी फिट आली होती?"

पलंगाच्या त्या बाजूला वीरण्णा उभा होता.

"न्हाई," सुकन्या म्हणाली.

"कधीच नाही?"

"न्हाई."

डॉक्टरांनी वीरण्णाला खाली औषधांच्या दुकानात पाठवलं आणि तो गेल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारला. सुकन्या छताकडं बघत म्हणाली, "भूकंपाच्या येत होत्या. भूकंपानं सगळ्यांनाच काही ना काही झालं होतं."

"भूकंपाच्या आधी कधी?"

"ते अव्वाला ठाऊक."

डॉक्टरांनी तिथल्या तिथं शिवकांताला फोन लावायला सांगितला. शिवकांतानं घासाचं सांगितलं. तोंडात घास धरून एका कोपऱ्यात बघत राहणाऱ्या पोरीचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

सुकन्यानं ते फोनवर ऐकलं. भूकंप तिचा एकटीचा नव्हता, त्यात सगळं गाव होतं. हे जे काही होतं ते तिचं एकटीचं होतं, आणि जमीन हलायच्या आधीपासून तिच्यात होतं.

वीरण्णा परत आला तेव्हा डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. "कॅन्सर नाही," त्या आधी म्हणाल्या. "पण हा जन्मापासूनचा आजार आहे. नीट ऐका, कारण समजलं की भीती थोडी आटोक्यात येते."

मग त्यांनी सांगितलं. आपलं अंग पेशींचं बनलेलं असतं. पेशीनं कधी वाढायचं आणि कधी गप्प बसायचं, हे ती आपल्या मनानं ठरवत नाही. बाहेरून निरोप येतो: अन्न आलंय, साखर आलीय, वाढीचं संप्रेरक आलंय. तो निरोप पेशीच्या आत एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं जातो. शेवटी तो एका प्रथिनापाशी पोचतो. त्याचं नाव एमटॉर. एमटॉर चालू झालं की पेशी नवा माल बनवते, फुगते, एकीच्या दोन होतात. ते बंद झालं की थांबते. आणि त्याला दाबून धरायला दोन प्रथिनांची एक जोडी असते. निरोप नसेल तेव्हा ही जोडी एमटॉरला उठू देत नाही.

"तुमच्यात या जोडीतल्या एकाचा जनुक जन्मतःच बिघडलेला आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. एक बिघडली तरी दुसरीवर पेशीचं काम चालतं. पण एखाद्या पेशीत ती दुसरीही खराब झाली, की दाबून धरायला कुणी उरत नाही. निरोप नसतानाही एमटॉर चालूच. ती पेशी वाढतच जाते."

वीरण्णा मधेच बोलला. "बोअरची मोटर ऑटोवर टाकावी आणि बंद करणारं कुणीच नसावं, तसं."

"बरोबर. मेंदूत एखाद्या जागी असं झालं, त्याच्या फिटा आल्या. चेहऱ्याच्या कातडीत झालं, ते दाणे. नखांपाशी झालं, ते कोंब. किडनीत झालं, त्या गाठी. चरबी आणि कच्च्या रक्तवाहिन्या असतात त्यांत, म्हणून फुटतात. दुखणं एकच आहे, जागा वेगवेगळ्या."

"आणि भूकंप?" सुकन्यानं विचारलं.

"भूकंपाचा याच्याशी काही संबंध नाही, ताई."

फुप्फुसांचा स्कॅन झाला, तो ठीक निघाला. मेंदूचा झाला, त्यात जुने डाग दिसले. डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली. ती एमटॉरलाच दाबते, म्हणाल्या. दूरच्या कुठल्याशा बेटावरच्या मातीतल्या जंतूत हे औषध पहिल्यांदा सापडलं होतं, त्याच जातीची ही गोळी. गाठी पूर्ण जाणार नाहीत, लहान होतील. गोळी बंद केली की परत वाढू शकतात. तोंड येईल, सर्दी-खोकला लवकर धरेल, रक्त तपासत राहावं लागेल. निघताना त्या म्हणाल्या, "मुलं किती?"

"एक मुलगी," वीरण्णा म्हणाला.

"तिला घेऊन या. अर्धी शक्यता असते. असेलच असं नाही. पण बघायला हवं."

नांदेडहून परतताना अहमदपूरच्या बसस्टँडवर गाडी थांबली. वीरण्णा चहा घेऊन आला आणि बाकावर तिच्या शेजारी बसला. लपवल्याबद्दल आता काहीतरी बोलेल म्हणून सुकन्या खाली बघत बसली होती.

"कल्याणीला हाय का?" त्यानं विचारलं.

"मला ठाऊक न्हाई."

"तिला फिट आलेली तू बघितलीस का कधी?"

"न्हाई. खरंच न्हाई."

त्यानं चहा संपवला. "मग नीट होऊ दे तिची. आत्ता सांगितलं तर पोरगी अभ्यास सोडून बसंल. डॉक्टरीणबाईंनी बघायला हवं म्हणलं. आजच्या आज आणा म्हणलं न्हाई."

सुकन्याला ते पटलं, कारण तिला भीतीच वाटत होती. माहीत नसेपर्यंत अर्धी शक्यता नसण्याचीही होती.

पण लातूरच्या त्या एका खोलीत माहीत नसणं तिला पेलेना. सकाळी कल्याणीची वेणी घालताना ती तिच्या मानेकडं, कानामागं बघायची. नाकाजवळ एक पुटकुळी दिसली तर ती पिकते का नाही, हे बघण्यात आठवडा जायचा. पोरगी पुस्तकातून डोळे काढून खिडकीबाहेर बघत बसली की सुकन्याच्या हातातलं काम थांबायचं. ती हाक मारायची, "कल्याणी." लगेच उत्तर आलं नाही तर पुन्हा, जोरात.

"काय हाय आई? विचार करायलेय मी."

"काही न्हाई. दूध घेतेस का?"

गोळीनं सुकन्याच्या तोंडात फोड आले होते. भाकरी चावता येत नव्हती, भात ताकात कालवून ती गिळत होती. किडनीत इन्फेक्शन झालं होतं, त्याचं औषध आहे, असं तिनं पोरीला सांगितलं होतं.

कल्याणी दोन वर्षं जीवशास्त्र घोकत होती आणि तिच्या हातात फोन होता. गोळीच्या पाकिटावरचं नाव वाचायला तिला कितीसा वेळ लागणार? एका संध्याकाळी ती क्लासहून आली, चपला काढल्या, दप्तर खाली ठेवलं आणि दारातच उभी राहिली.

"आई, पन्नास टक्के ना?"

सुकन्याच्या हातात चिमटा होता. तो तिनं खाली ठेवला. "कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाई. तुझ्या गोळीचं नाव वाचलं. मग तुझा चेहरा बघितला." कल्याणीचा आवाज सरळ होता, पण तिचे हात ओढणीत गुंडाळलेले होते. "माझ्या मांडीवर मागं पांढरा डाग हाय. पानासारखा. आज्जीनं मला सांगून ठेवलंय, कुणाला दाखवायचा न्हाई. तुला पण न्हाई."

सुकन्या उठली नाही. पोरीला लहानपणी कितीदा न्हाऊ घातलं होतं तिनं, पण माहेरी असलं की अंघोळ शिवकांता घालायची, आणि गोऱ्या पोरीच्या अंगावर फिकट डाग नजरेत भरतो कुठं? कल्याणी येऊन तिच्या शेजारी बसली. गॅसवर तवा तापत राहिला. थोड्या वेळानं पोरीनंच उठून तो बंद केला.

"मला नीटनंतर न्हाई जायचं," ती म्हणाली. "आत्ताच जायचं. मला रोज वाटतं की आपलं डोकं मधेच बंद पडलं का काय. पेपर वाचताना एखादी ओळ सुटली तरी वाटतं. असं मला वाचताच येत न्हाई."

शिवकांतालाही नांदेडला बोलावलं होतं. डॉक्टरांना तिची तपासणी करायची होती, आजार तिच्याकडून आला का ते बघायला. गुंडप्पा वारल्याला बरीच वर्षं झाली होती. म्हातारी आली ती पदर तोंडावर धरूनच. दवाखान्याच्या बाकावर ती लेकीपासून थोडी लांब बसली.

"अव्वा, पोरीच्या अंगावरचा डाग तू बघितलास आणि मला सांगितलं न्हाईस," सुकन्या म्हणाली.

"काय सांगू? तुझ्या पाठीवर तसाच होता. तुझं लग्न झालं, संसार झाला. तिचं बी व्हावं म्हणलं." शिवकांता जमिनीकडं बघत होती. "आणि मला वाटलं, हे माझ्यापासूनच हाय. माझ्या मायला कसलासा डाग होता, म्हणत होते लोक. मी भ्याले."

डॉक्टरांनी तिघींना एकदमच आत घेतलं. खोलीच्या खिडक्यांना काळे पडदे होते. दिवा घालवला तेव्हा शिवकांतानं सुकन्याचा दंड धरला. मग डॉक्टरांच्या हातातला छोटा दिवा लागला. त्याचा उजेड जांभळा, अंधुक. त्यात डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाची बाही चमकायला लागली.

"साध्या उजेडात न दिसणारे डाग यात दिसतात," त्या म्हणाल्या. "आधी आजी."

शिवकांताचे हात, पाठ, पोट, पाय. म्हातारीची सुरकुतलेली कातडी जांभळ्या अंधारात एकसारखी काळी दिसली. कुठं काही चमकलं नाही. डॉक्टरांनी दोनदा बघितलं. तिच्या किडन्याही आधीच बघून झाल्या होत्या, त्या स्वच्छ होत्या.

"तुमच्याकडून आलेलं दिसत नाही, आजी. पुष्कळदा आईबाप निरोगी असतात. मूल पोटात राहतानाच ही चूक नव्यानं होते. त्यात कुणाचा दोष नसतो."

शिवकांताचा हात सुकन्याच्या दंडावरून सुटला. ती अंधारात खाली बसली आणि तोंडात पदर घालून रडली.

मग कल्याणी. सुकन्याला बघायचं नव्हतं आणि तिची नजर हटतही नव्हती. मांडीवरचा डाग आधी दिसला, खडूनं पान काढावं तसा. डॉक्टरांनी दिवा वर नेला. कमरेवर एक होता. खांद्याच्या खाली एक होता. ते आजवर कुणालाच दिसलेले नव्हते. कल्याणीला स्वतःची पाठ दिसत नव्हती. ती अंधारात विचारत राहिली, "हाय का? आई, हाय का?"

"हाय," सुकन्या म्हणाली.

कल्याणीचं रक्त पुण्याला पाठवलं. तिथूनही तेच उत्तर आलं. पण बाकीचं बरं निघालं. मेंदूच्या स्कॅनमध्ये छोटासा एक डाग होता. डोक्याला तारा लावून काढलेल्या आलेखात फिटची खूण नव्हती. किडनीत ज्वारीच्या दाण्यासारख्या दोन-तीन गाठी होत्या. औषधाची गरज नाही, दरवर्षी बघत राहायचं, असं ठरलं. "आईला जे झालं तेच मुलीला होईल असं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "एकाच घरात एकाला पुष्कळ आणि दुसऱ्याला नावाला, असंही दिसतं. कुठल्या पेशीत दुसरी प्रत जाईल, ते कुणाच्या हातात नाही."

हे शेवटचं वाक्य कल्याणीच्या डोक्यात बसलं. कुणाच्या हातात नाही. तिनं नीटचा पेपर दिला. पहिला अर्धा तास ती एकच प्रश्न पुन्हापुन्हा वाचत राहिली, मधे ओळ सुटली का ते बघत. त्या वर्षी तिचा नंबर लागला नाही. ट्युशन एरियातल्या खांबांवर दुसऱ्या पोरींचे फोटो चढले. वीरण्णा लातूरला आला, खोलीत बसून राहिला आणि म्हणाला, "अजून एक वर्ष वाचतेस का?" ती हो म्हणाली. पुढच्या वर्षी नांदेडला बीएएमएसला तिला जागा मिळाली.

अहमदपूरच्या बाकावर न बोललेलं वीरण्णानं त्याच सुमारास एकदा बोलून टाकलं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सुकन्याला झोपेत झटके आलेले त्यानं बघितले होते. सकाळी ती काही झालंच नसल्यासारखी उठली. तेव्हा त्यानंही काही विचारलं नाही. "वाटलं, तूच सांगशील," तो म्हणाला. सुकन्यानं त्याला जेवायला वाढलं.

सुकन्याच्या गाठी गोळीनं लहान झाल्या. उजवीकडची मोठी गाठ निम्म्याहून कमी झाली. गालांवरचे दाणेही थोडे विरले, त्यामुळं ओळखीचे लोक म्हणायला लागले की लातूरचं पाणी हिला मानवलं. तपासणीला ती अजूनही रिकाम्या पोटी, घाबरलेली जाते. सोनोग्राफीच्या टेबलावर झोपल्यावर ती पडद्याकडं बघत नाही, डॉक्टरांच्या चेहऱ्याकडं बघते.

गेल्या तपासणीला दोघी एकदमच गेल्या. आधी आई, मग मुलगी. सुकन्याचं बरं होतं. कल्याणीच्या वेळी यंत्र डाव्या बाजूला थांबलं, थोडं मागं गेलं, परत थांबलं. ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठींतली एक आता लिंबाएवढी झाली होती.

डॉक्टर देविकांनी गाठीचा आकडा सांगितला आणि म्हणाल्या, अजून वाट बघण्यापेक्षा गोळी सुरू करू. कल्याणीनं मान हलवली. औषधाच्या दुकानातून गोळ्या घेऊन बाहेर आल्यावर ती दवाखान्याच्या पायरीवर बसली. गोळी काय करते, कुठल्या प्रथिनाला दाबते, रक्तात काय काय बघायचं, हे सगळं तिला आता आईपेक्षा जास्त ठाऊक होतं.

"आई, तोंड लई येतं का?"

सुकन्या तिच्या शेजारी बसली. "येतं. पहिला महिना जड जातो. तिखट बंद करायचं, थंड दूध प्यायचं. मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायच्या, पाणी कोमट, कडक न्हाई. मग सवय होते."

"आणि भीती?"

"ती हाय," सुकन्या म्हणाली. "मला तर अजून लई हाय."

कल्याणीनं आईच्या हातातून औषधाची पिशवी घेतली, पाकिटावरची तारीख वाचली आणि पाकीट आपल्या पर्समध्ये ठेवलं. मग दोघी उठून बसस्टँडकडच्या रिक्षात बसल्या.